300 बार आणि 0.03 बार : व्हेंटिलेटरची खुली ड्रॉइंग उद्यमबागेतून बघताना

मार्च-एप्रिल 2020 मध्ये जगभरच्या इंजिनिअरांनी, डॉक्टरांनी, कॉलेजच्या पोरापोरींनी व्हेंटिलेटरची ड्रॉइंग इंटरनेटवर मोकळी करून टाकली. कुणीही उतरवून घ्यावीत, बनवावीत, सुधारावीत. तेव्हापासून आमच्या बेळगावात एक प्रश्न अधूनमधून निघतो, आणि तो निघणं साहजिक आहे. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आहेत, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत, फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्हवर आयुष्य काढलेले हात आहेत. मच्छे-होनग्याकडं आणखी शॉप्स आहेत. मग व्हेंटिलेटर आपल्याला का जमू नये?

माझं उत्तर असं, की हवा ढकलणारं यंत्र आपल्याला आठवड्याभरात जमेल. ती हवा माणसाच्या फुप्फुसाला सोसेल एवढीच जातेय याची खात्री देणारं यंत्र जमायला फार जास्त काही लागतं. आणि त्या खुल्या ड्रॉइंगांचा आपल्या भागाला खरा उपयोग आहे तो दवाखान्यात असलेली यंत्रं चालती ठेवायला. हे मी का म्हणतो, ते मुळापासून सांगतो.

आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत ढकलत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा खाली सरकतो, छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक ओढली जाते. 1928 साली अमेरिकेत फिलिप ड्रिंकर यांनी बनवलेलं 'आयर्न लंग' हीच नक्कल करायचं. रुग्णाला मानेपर्यंत पिंपात ठेवायचं आणि पिंपातला दाब कमी-जास्त करायचा, की छाती वरखाली व्हायची. आजचा व्हेंटिलेटर याच्या बरोबर उलटं काम करतो. तो श्वासनळीत घातलेल्या नळीतून हवा आत रेटतो. फुप्फुसं ओढून घ्यायला बनलेली आहेत, रेटून भरून घ्यायला नाहीत. पुढच्या सगळ्या अडचणी इथून सुरू होतात.

रेटून हवा देण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती 1952 साली, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात आयर्न लंग एकच होतं आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते. साथीच्या सुरुवातीला अशा दहांतले आठ-नऊ जण दगावत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सुचवलं, की गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा द्या. पिशवी दाबणार कोण? वैद्यकीच्या आणि दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण आधीच्या निम्म्याहूनही खाली आलं. आजचा आयसीयू नावाचा विभाग तिथूनच उभा राहिला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या विद्यार्थ्यांच्या हाताला पिशवीचा जोर कळत होता. रुग्णाच्या छातीत कफ भरला की पिशवी जड लागायची, नळी सुटली की एकदम हलकी. रुग्ण घामेजला, ओठ निळे पडले, तर समोर दिसायचं. हात ढकलायचाही आणि जाणायचाही. 2020 सालच्या स्वयंसेवकांना नेमकं हे जाणणं यंत्रात आणायचं होतं.

किती हवा द्यायची, इथून सुरुवात करू. हे माणसाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतं, कारण पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पुरुषासाठी हिशेब असा: सेंटिमीटरमधल्या उंचीतून 152.4 वजा करा, उरलेल्याला 0.91 नं गुणा, त्यात 50 मिळवा. बाईसाठी 50 च्या जागी 45.5. म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन साडेएकसष्ट किलो. आजारी फुप्फुसाला किलोमागे 6 मिलिलिटर धरले, तर एका श्वासाला साधारण 370 मिलिलिटर. आता तोच माणूस काट्यावर 90 किलो भरत असेल आणि कुणी त्या वजनावर हिशेब केला, तर आकडा 540 वर जातो. जवळजवळ दीडपट.

दीडपटीनं काय बिघडतं? 2000 साली अमेरिकेत 861 रुग्णांवर झालेला एक अभ्यास यात मैलाचा दगड मानला जातो. अर्ध्यांना किलोमागे 12 मिलिलिटरची, तेव्हाच्या चालीप्रमाणं, हवा दिली आणि अर्ध्यांना 6 ची. पहिल्या गटात जवळपास 40 टक्के दगावले, दुसऱ्यात 31 टक्के. दोन्हीकडं यंत्रं चांगलीच होती. फरक फक्त किती फुगवलं याचा होता. जास्त हवेनं आणि जास्त दाबानं फुप्फुसाचे बारीक कोश ताणले जातात, सुजतात, कधी फुटतात.

आता दाब. या धंद्यात दाब बारमध्ये मोजत नाहीत, पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. एक नळी पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवा आणि दुसऱ्या टोकानं फुंका. बुडबुडा बाहेर पडायला जेवढा जोर लागतो, तो 5 सेंटिमीटर पाण्याचा दाब. फुप्फुसात हवा भरून थांबल्यावर हा आकडा 30 च्या वर जाऊ देऊ नये असा दंडक आहे. 30 सेंटिमीटर म्हणजे किती? साधारण 0.03 बार. आमच्या शॉपमधले व्हॉल्व्ह 300 बारपर्यंतच्या कामासाठी बनतात. म्हणजे दहा हजार पट! ज्या माणसाचं सगळं कसब 300 बारला तेल गळू न देण्यात गेलंय, त्याला 0.03 बारवर, एखाद्या सेंटिमीटरचा फरकही ओळखत काम करायचं आहे. कसब आहेच, पण ते वेगळ्या टोकाला लावायचं आहे.

श्वास सोडतानाही दाब पूर्ण शून्यावर जाऊ देत नाहीत, 5 सेंटिमीटरच्या आसपास धरून ठेवतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंक सगळ्यात जड जाते आणि थोडा फुगल्यावर सोपं होतं, तसंच या कोशांचं आहे. पूर्ण मिटू दिले तर दर श्वासाला ती पहिली फुंक पुन्हा मारावी लागते, आणि मिटण्या-उघडण्यातच ते खराब होतात. या धरून ठेवलेल्या दाबाला डॉक्टर 'पीप' म्हणतात. नवजात बाळांच्या विभागात 'बबल सीपॅप' नावाची सोय असते, तिच्यात हा दाब खरोखरच पाण्याच्या बाटलीत बुडवलेल्या नळीनं धरतात. नळी जितके सेंटिमीटर बुडवाल तितका दाब. आणि बुडबुडे थांबले, की सिस्टरला लांबूनही कळतं काहीतरी सुटलंय. स्वस्त, उघड आणि सच्चं उपकरण कसं असावं याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

2020 मधल्या खुल्या ड्रॉइंगांमध्ये ढोबळमानानं दोन घराणी दिसतात. पहिलं पिशवी दाबणाऱ्यांचं. ॲम्ब्युलन्समध्ये श्वास द्यायला हातानं दाबायची जी रबरी पिशवी, म्हणजे अंबू बॅग, असते, ती दोन यांत्रिक हातांच्या मध्ये धरायची आणि मोटरनं दाबायची. अमेरिकेतल्या एमआयटीत 2010 साली विद्यार्थ्यांनी एका प्रोजेक्टमध्ये हे केलं होतं. दहा वर्षांनी, साथ आल्यावर, तिथल्याच एका गटानं ते काम पुन्हा हातात घेतलं आणि सगळं उघड मांडलं. सामान थोडं, कल्पना सोपी, म्हणून जगभर याच्याच सगळ्यात जास्त नकला झाल्या. पण अंबू बॅग थोड्या वेळासाठी, हातानं दाबायला बनलेली आहे. मिनिटाला 20 श्वास धरले तर दिवसाला 28,800 दाब होतात, दोन आठवड्यांत चार लाखांवर. रबर कुठं चिरेल, हाताचा दांडा कुठं झिजेल, मोटर किती तापेल, हे सगळं शॉपच्या बाकावर, रुग्णाविना, तितके दिवस चालवल्याशिवाय कळत नाही. एमआयटीच्या गटाचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी ड्रॉइंगबरोबर धोक्याच्या सूचनाही तितक्याच ठळक लिहिल्या.

दुसरं घराणं व्हॉल्व्हवाल्यांचं, आणि बेळगावकरांनी बघावं ते हे. दवाखान्याच्या भिंतीतून साधारण 4 बारनं ऑक्सिजन येतो. तो व्हॉल्व्हनं मोजून आत सोडायचा आणि दुसऱ्या व्हॉल्व्हनं उच्छ्वास बाहेर. इटलीत क्रिस्तियानो गाल्बियाती या भौतिकशास्त्रज्ञानं, म्हणजे विश्वातल्या अदृश्य द्रव्याचा शोध घेणाऱ्या माणसानं, आपल्या सहकाऱ्यांना गोळा करून 'मिलानो' व्हेंटिलेटर असाच उभा केला. प्रेरणा घेतली ती रॉजर मॅनले यांच्या 1961 सालच्या साध्या यंत्रावरून. 1 मे 2020 ला त्याला अमेरिकेत आणीबाणीपुरती परवानगी मिळालीसुद्धा. आपल्या कर्नाटकात बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएस्सी) 'प्राण' नावाचा प्रकल्प झाला. लॉकडाऊनमुळं परदेशी सुटे भाग येईनात, तेव्हा मोटारगाड्यांत आणि पाण्याच्या आरओ यंत्रांत वापरले जाणारे, देशात सहज मिळणारे भाग घेऊनच त्यांनी मांडणी केली. ही दृष्टी आपण उचलण्यासारखी आहे. आधी बाजारात काय मिळतं ते बघा, मग ड्रॉइंग काढा.

आता उद्यमबागेतल्या एका जॉबकडं जवळून बघू. व्हॉल्व्हची बॉडी मशिनिंग होऊन येते, आतलं भोक (बोअर) घासून गुळगुळीत करतो, कडेची कुसळं (बर) काढतो, धुतो आणि गंज धरू नये म्हणून तेलात बुडवून ठेवतो. बोअरमधून बोट फिरवलं की बोटाला चकाकी येते. हायड्रॉलिकमध्ये ही चकाकी चांगल्या कामाची खूण. ऑक्सिजनमध्ये तीच चकाकी म्हणजे आग. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल जास्त दाबाखाली एकत्र आले तर पेटायला वेगळी ठिणगी लागत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला, की पुढं कोंडलेला वायू दाबला जाऊन तापतो, आणि तेवढी उष्णता पुरते. म्हणून ऑक्सिजनच्या वाटेवरचा प्रत्येक भाग तेल-ग्रीस पूर्ण काढून, वेगळ्या खोलीत, स्वच्छ हातमोज्यांनी जोडावा लागतो. ओ-रिंगचं रबरही ऑक्सिजनला चालणारं लागतं, आणि जोडाचे आटे घट्ट बसवायला जे हाताला येईल ते लावून चालत नाही. ज्या शॉपमध्ये कूलंटचा वास सकाळपासून भरलेला असतो, तिथल्या कोपऱ्यात हे काम होणार नाही. कुणी व्हेंटिलेटरचं ड्रॉइंग घेऊन आलं, तर टॉलरन्सच्या, म्हणजे मापात किती फरक चालेल याच्या, आधी हे विचारा.

यंत्राचं जाणणं ज्या भागात असतं तो म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर. वाट किंचित अरुंद करायची, अरुंद जागेच्या आधी आणि नंतर दाब मोजायचा, दोन्हींतल्या फरकावरून किती हवा गेली ते काढायचं. कागदावर ही बारावीच्या भौतिकशास्त्रातली गोष्ट आहे. पण माणसाच्या उच्छ्वासात वाफ असते, कफाचे कण असतात. बारीक नळीत पाण्याचा एक थेंब अडकला की आकडा सरकतो. सेन्सर कमी दाखवायला लागला तर यंत्र समजतं हवा कमी गेली, आणि आणखी रेटतं. बिघडलेला सेन्सर बंद सेन्सरपेक्षा घातक तो यासाठी. म्हणून चांगल्या ड्रॉइंगमध्ये दाब दोन स्वतंत्र जागी मोजतात, आणि शिवाय एक निव्वळ यांत्रिक सुटका-व्हॉल्व्ह असतो. मार्च 2020 मध्ये ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकानं झटपट बनवायच्या व्हेंटिलेटरसाठी किमान अटी काढल्या, त्यात हा व्हॉल्व्ह 80 सेंटिमीटरला उघडलाच पाहिजे असं लिहिलं होतं. सॉफ्टवेअर अडकलं, वीज गेली, तरी स्प्रिंग आपलं काम करते. हा भाग मात्र उद्यमबाग डोळे झाकून करेल.

त्याच अटींमध्ये वीज गेल्यावर किमान 20 मिनिटं बॅटरीवर चालण्याची सक्ती होती. आमच्या भागातल्या वीज कंपनीची, हेस्कॉमची, वीज पावसाळ्यात खानापूरच्या रानात कशी वागते हे ज्यांना माहीत आहे, ते 20 मिनिटांवर समाधान मानणार नाहीत.

मग अलार्म. पहाटे तीन वाजता नळी सांध्यातून निसटली तर यंत्र हवा ढकलतच राहतं, फक्त ती खोलीत जाते. दाब चढला नाही, उच्छ्वास परत आला नाही, हे ओळखून काही सेकंदांत ओरडायला हवं. आणि रुग्ण स्वतः श्वास घ्यायचा प्रयत्न करू लागला, तर नळीतला दाब एखाद-दोन सेंटिमीटरनं उतरतो. ते ओळखून यंत्रानं त्याच्या श्वासाला साथ द्यायची असते. हे न ओळखणारं यंत्र रुग्णाशी झुंजतं, आणि मग त्याला खोल गुंगीत, स्नायू शिथिल करून ठेवण्यावाचून मार्ग राहत नाही. 2020 च्या कितीतरी हौशी रचना इथं अडल्या. टेक्सासच्या पब्लिक इन्व्हेन्शन या संस्थेनं अशा शंभरावर खुल्या प्रकल्पांची छाननी करून तक्ता मांडला होता. ड्रॉइंग किती उघड आहे, चाचणी झाली का, दुसऱ्या कुणी बनवून बघितलं का. त्यातले बहुतेक रुग्णापर्यंत पोचले नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. बाकावर न टिकलेलं यंत्र माणसाला लावणं ही सेवा होऊच शकत नाही. आपल्याकडंही केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या परवान्याशिवाय असं यंत्र रुग्णाला लावता येत नाही, आणि लावू नये.

ज्यांच्याकडं आधीपासून तयार रचना, चाचण्या आणि कारखाना होता त्यांनी मात्र मोठं काम केलं. म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीची रचना घेऊन बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 30,000 व्हेंटिलेटर बनवले, ते 2020 सालीच.

पण यंत्रं आली म्हणून प्रश्न सुटला का? 2021 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं मराठवाड्याला मिळालेल्या नव्या व्हेंटिलेटरांमधल्या बिघाडाचा विषय आला. त्याच महिन्यात आपल्याच राज्यात, चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात, ऑक्सिजन कमी पडून माणसं गेली. मोठा सिलिंडर 7,000 लिटरचा. मिनिटाला 10 लिटर ओढणारा एकच रुग्ण तो पावणेबारा तासांत संपवतो. वायूच्या जोरावर चालणारं स्वस्त यंत्र स्वतःसाठीही ऑक्सिजन खात असेल, तर ते त्या घडीला महागात पडतं.

आणि माणसं? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ चोवीस तास कुणीतरी जाणतं लागतं. कफ ओढायचा, कूस बदलायची, पालथं झोपवायचं, रक्तातल्या वायूंची तपासणी बघून आकडे फिरवायचे. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला त्यासाठी बेळगाव गाठावं लागतं, निपाणीकडची मंडळी कोल्हापूरला धावतात, आणि साथीच्या दिवसांत राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीसाठी गाड्या थांबत होत्या. वॉर्डात सिस्टरची बोली कन्नड, मामा-मावशींची मराठी, यंत्राच्या पडद्यावरची इंग्रजी. सॉफ्टवेअर खुलं असेल तर 'नळी सुटली' हा इशारा कन्नड आणि मराठीत पडद्यावर आणायला कंपनीची मिनतवारी करावी लागणार नाही. तपासून, प्रमाणित करून घ्यावं लागेल, पण दार तरी उघडं असेल.

'खुलं' म्हणजे नेमकं काय, हेही इथंच सांगून टाकतो. फुकट मिळणं हा त्यातला लहान भाग. ड्रॉइंग, भागांची यादी, सॉफ्टवेअर, चाचण्यांचे निकाल, आणि ते वापरायची, बदलायची, बदललेलं पुढं द्यायची लेखी मुभा, हे सगळं मिळून खुलं. मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीनं 30 मार्च 2020 ला आपल्या पीबी 560 या यंत्राची कागदपत्रं जाहीर केली. फार मोठी गोष्ट होती, पण ती मुभा साथीपुरती, मुदत घालून दिलेली होती. कायमची मुभा असलेलं ड्रॉइंग पुढच्या पिढीतल्या फिटरलाही उघडता येतं.

सगळ्यात मोठा फायदा इथं आहे. दवाखान्यातलं यंत्र बंद पडतं ते बहुधा बारीकसारीक गोष्टीनं: सेन्सर, बॅटरी, एखादा रबरी पडदा, एखादा जोड. कंपनीचा माणूस लांबून येईपर्यंत ते कोपऱ्यात धूळ खातं. इटलीत ब्रेशियाजवळ कियारीच्या रुग्णालयात मार्च 2020 मध्ये ऑक्सिजन मास्कचा एक छोटा व्हॉल्व्ह संपला. तिथल्या एका छोट्या कंपनीनं नमुना बघून थ्रीडी प्रिंटरवर एक-दोन दिवसांत तो बनवून दिला. त्याच वर्षी मे महिन्यात आयफिक्सिट या संस्थेनं वैद्यकीय यंत्रांची 13,000 वर दुरुस्ती-पुस्तकं एका जागी सगळ्यांना खुली केली. बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांनी नवा व्हेंटिलेटर बनवण्याआधी ही पुस्तकं आणि मिलानोची ड्रॉइंग शेजारी ठेवून वाचावीत. जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या बायोमेडिकल विभागाला, म्हणजे तिथली यंत्रं सांभाळणाऱ्यांना, विचारावं, की कुठला भाग सारखा जातो. आणि तपासणीची साधनं बनवावीत, कारण ती रुग्णाला लागत नाहीत, यंत्राला लागतात, आणि ती आपल्या हातात आहेत.

यंत्राचा दाब तपासायचं एक साधन तर एका दुपारचं काम आहे. दीड मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा, मागं मिलिमीटरची पट्टी लावा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक टी-जोडानं व्हेंटिलेटरच्या नळीला लावा, पुढं रुग्णाच्या जागी रबरी टेस्ट लंग, म्हणजे फुप्फुसासारखी फुगणारी चाचणीची पिशवी. रुग्णाला जोडलेल्या यंत्रावर हे कधीही करायचं नाही. हवा भरून यंत्र थांबलं, की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचा. पडद्यावर 20 दिसत असेल तर पट्टीवर 20 सेंटिमीटर यायला हवेत. मग 5, 10, 30 असे आकडे लावून बघा आणि यंत्राच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. फरक दोन सेंटिमीटरच्या वर जात असेल, तर यंत्र बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावा आणि बायोमेडिकलच्या माणसाला बोलवा.